भिंत उघडा, हॉगस्टाडसाहेब

स्वतःच्या घरात स्वतःच्या खुर्चीवर बसता येऊ नये, याचा राग कुणालाही येईल. लोवेल हॉगस्टाडला तो रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या यायचा. त्याची बायको कोरीन घरी पियानो शिकवत असे. पियानो दिवाणखान्यात, लोवेलची खुर्ची दिवाणखान्यात आणि टीव्हीही दिवाणखान्यातच. लोवेल विमा कंपनीत होता. कुणाच्या छपरावर झाड पडलेलं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलेलं. त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यात चूक त्यांचीच कशी होती हे गोड शब्दांत पटवून द्यायचं, हे त्याचं दिवसभराचं काम. ते उरकून घरी यावं, पाय पसरावेत आणि आइस हॉकीची मॅच बघावी, एवढीच माफक अपेक्षा. तर दारातच कुणाच्या तरी पोराचे ओले बूट आडवे पडलेले, आणि आत ते पोर एकच सूर असा बडवतंय की त्या सुराने जणू त्याच्या सात पिढ्यांचा अपमान केलाय. लोवेल मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून कालचं उरलेलं हॉटडिश, म्हणजे बटाटे-खिम्याचा भट्टीत भाजलेला लगदा, गिळायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा.

अशाच एका संध्याकाळी त्याच्या ध्यानात आलं की या भिंतीपलीकडे गॅरेज आहे. चांगलं दोन गाड्यांचं गॅरेज. नुसत्या लाकडी उभ्या पट्ट्या, उघडं छप्पर आणि एक केविलवाणा दिवा. त्याला आतून जिप्समचे तक्ते मारले, तारा ओढल्या, हीटर बसवला, की झाली पियानोची खोली. आणि हे सगळं आपण आपल्या हातांनी करायचं. आमच्या मिनेसोटा राज्यात घरमालकाला स्वतःच्या घरातलं वायरिंग स्वतः करायची कायद्याने मुभा आहे, हे लोवेलला ठाऊक होतं. कायद्याने मुभा आहे म्हणजे अक्कलही आहे, असं तो धरून चालला. इथून पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

कोरीनच्या वाढदिवशी केक कापल्यावर त्याने ही भेट जाहीर केली. कोरीनने केकचा तुकडा बशीत ठेवला. मग म्हणाली, "हे काहीतरी वेगळंच आहे."

आता आमच्या या भागात माणसं कशालाही वाईट म्हणत नाहीत. सून आवडली नाही, सूप करपलं, चर्चमध्ये कुणी बेसूर गायलं, तर सगळ्याला मिळून एकच शब्द: वेगळं. लोवेलचा जन्म इथलाच, त्याचे आजोबाही इथल्याच मातीत पुरलेले. त्याला हे कळायला हवं होतं. पण माणूस स्वतःच्या कल्पनेवर खूश असला की मातृभाषासुद्धा विसरतो. तो म्हणाला, "वेगळं आहेच मुळी," आणि टेप घेऊन गॅरेजात मापं घ्यायला गेला.

पहिल्या शनिवारी त्याने गॅरेज रिकामं केलं. बर्फ फेकायचं यंत्र, कॅनो होडी, मासेमारीच्या काठ्या, त्याच्या दिवंगत मामाची रंगवलेली लाकडी बदकं, सगळं घरासमोर मांडलं आणि घटकाभर कॉफी प्यायला आत गेला. बाहेर येऊन बघतो तो घरासमोर गाड्या लागलेल्या आणि माणसं वस्तू चाचपून बघताहेत. अंगणात सामान मांडलं की इथे ते विकायलाच काढलेलं असतं, हे मान्य. पण शेजारच्या मर्व श्लाक्टरने लोवेलच्या वतीने मामाची बदकं एका वयस्कर जोडप्याच्या हवाली करावीत, हे कुठल्या शेजारधर्मात बसतं? लोवेल सपाता घालून त्यांच्या गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावला. बदकं परत मिळाली, पण त्या बाई फार दुखावल्या. तसं होतं तर पाटी लावायची, असं त्या म्हणाल्या. लोवेलने पाटी लावली: विक्रीसाठी नाही. ती वाचून लोक आणखी थांबायला लागले. हा पक्का सौदेबाज दिसतोय, असं त्यांचं मत पडलं.

या मर्वबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली. त्यामुळे समोर बघत मागच्यांना मोठ्याने सूचना देत राहायचं, हा त्याचा स्वभावच बनून गेला होता. निवृत्तीनंतर बस गेली, सूचना राहिल्या. लोवेलने हातोडा उचलला की मर्व आपली घडीची खुर्ची घेऊन हजर व्हायचा. तक्ते उभे लावायचे की आडवे, यावर तो अर्धा दिवस बोलला. लोवेलने आडवे लावले, तेव्हा म्हणाला, "मी असतो तर उभे लावले असते." उतरवून उभे लावले, तेव्हा म्हणाला, "आडवेच बरे दिसत होते."

तक्ते घरी आणण्याचीही एक कथा आहे, पण लोवेल ती कुणाला सांगत नाही. थोडक्यात एवढंच, की ते मोटारीच्या टपावर बांधून हायवेवरून वेगात आणायचे नसतात. वारा खालून शिरतो आणि तक्ता पंख फुटल्यासारखा हलायला लागतो. मागून आलेल्या पोलिसाने रस्त्यावरचे तुकडे वेचायला लोवेलला मदत केली आणि जाताना शुभेच्छा दिल्या. लोवेलला त्या शुभेच्छाच जास्त लागल्या. दंड केला असता तर निदान भांडता आलं असतं.

वायरिंग मात्र त्याच्या मते उत्तम झालं. एक पुस्तक त्याने आणलं होतं, त्यातली चित्रं बघून त्याने दिवाणखान्याच्या भिंतीतल्या एका प्लगमधून तार काढली, ती स्वयंपाकघराच्या भिंतीच्या पायथ्याने फिरवून गॅरेजात आणली आणि तिथून पुढे दिवे, प्लग, सगळीकडे नेली. बटण दाबलं, दिवा लागला. लोवेलने ते बटण बराच वेळ चालू-बंद केलं. मर्वसुद्धा काही बोलला नाही, आणि लोवेलच्या माहितीत असं त्या शरद ऋतूत एकदाच घडलं.

मग छत. छताचा तक्ता हे काय प्रकरण असतं ते ज्याने डोक्यावर धरलाय त्यालाच माहीत. लोवेल आणि मर्वने मिळून तो वर नेला, लोवेलने शिडीवर उभं राहून तो डोक्याने आणि दोन्ही हातांनी रेटून धरला, आणि मर्व म्हणाला की आपल्या घरी याहून चांगलं ड्रिल आहे, आलोच. तो गेला. रस्त्यात त्याला पोस्टमन भेटला.

तेवढ्यात पियानोच्या एका विद्यार्थ्याची आई, मिसेस लिंडाल, मुलाला आत सोडून गॅरेजच्या दारात आली. तिने लोवेलला हॅलो म्हटलं, काम चाललंय वाटतं, असं म्हटलं, आणि तिच्या आईच्या खुब्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. मग "बरं, निघते मी," म्हणून तिने दाराला हात लावला. इथल्या माणसाने दाराला हात लावला म्हणजे निम्मं बोलणं अजून बाकी आहे असं समजावं. तिने तळ्यावरचा बर्फ यंदा केव्हा धरेल याचा अंदाज दिला, दिराने पाडलेल्या हरणाच्या सॉसेजची पाककृती सांगितली, पुन्हा निघते म्हणाली आणि पुन्हा थांबली. लोवेलची मान खांद्यांत शिरली होती. जिप्समची भुकटी डोळ्यांत जात होती. जरा हात लावता का, एवढे चार शब्द बोलायचे होते. पण आमच्याकडे मदत मागण्यापेक्षा मेलेलं बरं समजतात, त्यामुळे तो "हो का," "छान, छान," एवढंच म्हणत राहिला. शेवटी जाताना ती म्हणाली, "तुमची उंची बरी आहे हो या कामाला."

लोवेलने त्या रात्री जेवताना कोरीनला विचारलं की माणसं आंधळी असतात की दुष्ट. कोरीन म्हणाली की मिसेस लिंडाल फार चांगली बाई आहे.

तक्त्यांच्या सांध्यांवर पट्टी लावून पुट्टी भरायची तेव्हा दिव्याचा नवा ताप सुरू झाला. गॅरेजचं मोठं दार त्याने आतून भिंत घालून बुजवलं होतं, त्यामुळे भर दुपारीही आत काळोख. लोवेल शिडीवर चढून हात वर करायचा आणि दिवा पटकन जायचा. थोड्या वेळाने आपोआप यायचा. त्याने वीज कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, तुमच्या गल्लीत वीज व्यवस्थित आहे. लोवेल म्हणाला, माझ्या गॅरेजात नाही. ते म्हणाले, मग तुमच्या गॅरेजात बघा. ही काय उत्तर द्यायची रीत झाली? एकदा तो उतरत असतानाच दिवा गेला, आणि पाय सरळ पुट्टीच्या बादलीत. बादली पायात तशीच घेऊन तो स्वयंपाकघरापर्यंत गेला. आतून कोरीन शांतपणे म्हणत होती, "डावा हात, आता उजवा हात." तिला हाक मारायचा धीर त्याला झाला नाही.

पुट्टी वाळली, रंग झाला, आणि मग भिंत बोलायला लागली. टिव्. मध्ये बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा टिव्. बॅटरी संपत आली की धुराचे अलार्म असे टिवटिवतात, म्हणून लोवेलने घरातले सगळे अलार्म तपासले, सगळ्यांच्या बॅटऱ्या बदलल्या. मर्वचं मत पडलं की रातकिडा आहे. लोवेल म्हणाला, या थंडीत? मर्व म्हणाला, म्हणून तर आत आलाय. त्यानंतर मर्वने चिमणी, उंदीर आणि लोवेलचं वय अशा तीन शक्यता मांडल्या. खरी गोष्ट लोवेलला एका सकाळी दाढी करताना आठवली: गॅरेजचा जुना अलार्म त्याने काढून भिंतीतल्या आडव्या पट्टीवर ठेवला होता, नंतर लावू म्हणून. त्याने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बॅटरी केव्हातरी संपेलच, असा विचार करून तो मंजुरीसाठी बोलावलेल्या तपासनिसाची वाट बघत बसला.

नगरपालिकेचा बांधकाम तपासनीस पिएटिला हा फिनिश वंशाचा. हे लोक शब्द सरपणासारखे जपून वापरतात. हिवाळा लांबला तर पुरायला हवेत. तो आला, बूट झटकले, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि चारही भिंतींकडे बघितलं. लोवेलला वाटलं, आता कौतुक होणार.

"तारा कुठे आहेत?" पिएटिलाने विचारलं.

"भिंतीत."

"मला दिसत नाहीत."

"भिंतीत आहेत म्हणून दिसत नाहीत," लोवेल म्हणाला. "तारा दिसू नयेत म्हणूनच तर भिंत घालतात."

पिएटिला यावर विचार करत उभा राहिला. त्या शांततेत भिंत म्हणाली, टिव्.

"भिंतीत आणखी काय आहे?"

"काही नाही."

टिव्.

"भिंत उघडा, हॉगस्टाडसाहेब," पिएटिला म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

लोवेलच्या रागाला आता सीमा राहिली नाही. त्याने नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन तिथल्या बाईंना स्पष्ट विचारलं, की काम पूर्ण झालं की कळवा असं तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं की नाही. बाई म्हणाल्या, सांगितलं होतं. मग मी पूर्ण करून कळवलं की नाही? कळवलंत. मग? त्यावर बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की पूर्ण म्हणजे वायरिंग पूर्ण, भिंती नव्हेत. भिंत घालायच्या आधी तारा दाखवायच्या असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. लोवेल म्हणाला, मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "माहीत नसणं यात बसत नाही हो." लोवेल थबकला. हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. तो स्वतः ते आठवड्यातून दोनदा तरी लोकांना ऐकवायचा, आणि अशाच गोड आवाजात. पण ते दुसऱ्या बाजूने ऐकू आल्यावर किती नीच वाटतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बाहेर आला आणि गाडीत बसून स्टिअरिंगशी भांडला.

भिंत उघडली. अलार्म सापडला, मर्वने तो हातात घेऊन "रातकिड्याचा आवाज अगदी असाच असतो," असा निर्वाळा दिला. पिएटिलाने टॉर्च मारून तार शेवटपर्यंत बघितली आणि दिवाणखान्यात जाऊन कोपऱ्यातल्या दिव्याचं बटण बंद केलं. गॅरेज काळोखात बुडालं. लोवेलने जिथून तार काढली होती त्या प्लगची वीज याच बटणावरून जात होती. म्हणजे एखादं पोर वही उघडून पियानोजवळ बसलं की कोरीन तो दिवा लावणार, वही मिटली की बंद करणार, आणि इकडे लोवेल बादलीत. पिएटिला म्हणाला, "वेगळं आहे." लोवेलच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या.

मेन बोर्डापासून नवी तार ओढायची म्हणजे अर्धं छतही उतरवावं लागलं. तोवर हिवाळा पडला. आणि गॅरेज बुजवलेलं असल्यामुळे दोन्ही गाड्या बाहेर. आमच्याकडे माणूस एकवेळ स्वयंपाकघर सोडील, पण जानेवारीत गॅरेज सोडणार नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बर्फाखालच्या गाड्यांकडे बघायचा आणि लोवेलला विचारायचा की गॅरेजचं काय झालं. कोरीन रोज सकाळी टोपी, मफलर, दोन-दोन हातमोजे चढवून बाहेर जायची आणि आपल्या गाडीची काच खरवडायची. ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर लोवेलला उत्तर देता आलं असतं. त्याने कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. खर्र, खर्र, एवढाच आवाज खिडकीतून यायचा, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.

शेवटी बर्फ वितळायला लागला तेव्हा पिएटिलाने तारा पाहिल्या, मान हलवली, आणि भिंती दुसऱ्यांदा चढल्या. या वेळी लोवेलने सांधे असे गुळगुळीत केले की डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे जोड लागू नये. मर्वने बसल्या जागेवरून हात फिरवून बघितला, मग खुर्ची सरकवून पुढच्या सांध्यावरही फिरवला. लोवेलने दाराला पडदा लावला, कोपऱ्यात दिवा ठेवला आणि कोरीनला बोलावलं.

कोरीन आली. तिने भिंतीवरून तळवा फिरवला. "सुरेख केलंयस," ती म्हणाली, आणि ते खरं होतं हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"मग पियानो केव्हा हलवायचा?"

कोरीन पालथ्या बादलीवर बसली. "लोवेल, तू मला एकदा तरी विचारलंस का रे?"

"तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"माझ्यासाठी? बर्फाचं यंत्र काढून त्याच्या जागी तू मला ठेवतोयस. आणि ते यंत्र ताडपत्रीखाली आहे ना, ते ओलं होत नाही ना हे बघायला तू रोज जातोस. मी काच खरवडत असते तेव्हा माझ्या बाजूने जातोस."

लोवेल म्हणाला की यंत्राची मोटर नाजूक असते. म्हणताक्षणी त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं.

"माझी पोरं पुढच्या दाराने येतात," कोरीन म्हणाली. "ती मोठी होऊन लग्नाच्या पत्रिका द्यायलाही त्याच दाराने येतात. त्या खोलीत मी अर्धं गाव शिकवलंय. तुला शांतता हवी होती तर शांतता हवी म्हणायचंस. मी चिडले असते, आपण भांडलो असतो, आणि काहीतरी मार्ग निघाला असता. तू मला उचलून बाजूला ठेवायला निघालास, आणि वर त्याला भेट म्हणालास. मी पियानो हलवणार नाही."

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून नेहमीचा एकच सूर सुरू झाला.

लोवेल त्या दिवशी जितका चिडला तितका तो पिएटिलावरही चिडला नव्हता. सबंध हिवाळा, दोनदा भिंती, मानेचा कायमचा ठणका, आणि हे फळ. तो कुंपणाशी जाऊन मर्वजवळ मन मोकळं करू लागला. मर्वने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो, पण म्हटलं, आपण कशाला सल्ला द्या."

चिडलेल्या माणसाला करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. लोवेलने दिवाणखान्यातून आपली खुर्ची उचलली, टीव्ही उचलला आणि गॅरेजात नेऊन मांडला. दार लावलं. थंडी अडवायला भिंतींत भरलेल्या काचेच्या लोकरीमुळे पियानोचा एक सूरसुद्धा आत येत नव्हता. हीटर मंद गुणगुणत होता. त्या एका संध्याकाळी लोवेल हॉगस्टाड या पृथ्वीवर सुखी होता, आणि मुकाट्याने इतकंही कबूल करत होता की कोरीनचं थोडंफार बरोबर असेल.

दुसऱ्या संध्याकाळी मर्व आपली घडीची खुर्ची घेऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याने पोस्टमनला आणलं. गल्लीत इतकं उबदार, इतकं कोरडं आणि बायकोच्या वावरापासून इतकं दूर असं दुसरं ठिकाण नव्हतं. हां हां म्हणता बातमी पसरली. मिस्टर लिंडाल मुलाच्या शिकवणीचा वेळ तिथे काढू लागला आणि बरोबर सॉसेज आणू लागला. शेवटच्या मंजुरीचा कागद दाराला चिकटवायला पिएटिला आला, तेव्हा मॅच ऐन रंगात होती. तो क्षणभर उभा राहिला, मग जी खुर्ची रिकामी दिसली तिच्यावर बसला. ती लोवेलची होती. लोवेल सगळ्यांसाठी कॉफी आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा पिएटिलाने पाय पसरले होते. तपासनिसाला ऊठ कसं म्हणणार? कागद अजून त्याच्या हातातच होता.

लोवेल कॉफीचा ट्रे ठेवून बाहेर पडला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाहुण्यांची ओली जाकिटं वाळत होती. मग तो दिवाणखान्यात गेला. त्या वेळचं पोर तापाने आजारी होतं, त्यामुळे खोलीत कोरीन एकटीच, आणि कोपऱ्यातला दिवा लावलेला. विलक्षण शांतता होती.

"बसू का जरा?" त्याने विचारलं.

कोरीनने त्याच्याकडे बघितलं. "इथे विद्यार्थी बसतात."

लोवेल थोडा वेळ दारातच घुटमळला. गॅरेजातून आरडाओरडा झाला. कुणीतरी गोल केला होता. मग तो आला आणि पियानोच्या बाकावर तिच्या शेजारी बसला. कोरीनने त्याचा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. पुट्टी नखांच्या कडेला अजून होती. आठ सूर, ओळीने, सावकाश, असं तिने सांगितलं. पहिले तीन नीट आले. चौथ्याला बोटं एकमेकांत अडकली. पुन्हा केलं, पुन्हा अडकली. त्याने छत दोनदा चढवलं होतं आणि हे जमत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात मर्व रिकामा कप घेऊन उभा होता. "अंगठा बोटांखालून घाल," तो म्हणाला.

लोवेलने मान वळवून कोरीनकडे बघितलं. निदान आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर, या माणसाला कुणीतरी गप्प बसवावं, एवढीच त्याची मागणी होती.

"बरोबर सांगतोय तो," कोरीन म्हणाली. "अंगठा खालून."